टायमिंग बेल्ट किट: नुसता बेल्ट, पूर्ण किट की वॉटर पंपासकट? आणि कंपनी कुठली?

निवांत_ड्रायव्हर:

मंडळी, जरा मदत हवीय. सेकंड हँड गाडी घेतलीय, १.५ डीसीआय डिझेल, म्हणजे रेनॉचं के९के इंजिन, गाडीला नऊ वर्षं झालीत आणि मीटरवर ८८,००० किमी. आधीच्या मालकाकडे ऑइल बदलल्याची बिलं आहेत पण टायमिंग बेल्टचं (इंजिनातल्या क्रँक आणि कॅमचा ताळमेळ ठेवणारा दातेरी पट्टा) एकही बिल नाही, विचारलं तर म्हणतो "बहुतेक केलाय". मेकॅनिकने वरचं कव्हर काढून दाखवलं, बेल्ट दिसायला एकदम व्यवस्थित, भेगा नाहीत, दोरे निघालेले नाहीत, पाठीवरचा छापासुद्धा थोडा वाचता येतोय. तो म्हणतो बदलायचाच असेल तर नुसता बेल्ट टाकू, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा रोलर) हाताने फिरवून बघू, आवाज नसेल तर तोच राहू दे. दुसऱ्याने सांगितलं पूर्ण किट, म्हणजे बेल्ट, टेन्शनर आणि रोलर एकत्र, टाक आणि हात घातलाच आहे तर वॉटर पंप पण टाक.

ऑनलाइन बघायला गेलो तर गेट्स, कॉन्टिटेक, डेको, आयएनए, एसकेएफ, एनटीएन-एसएनआर आणि वर अशी बरीच नावं जी कधी ऐकलीच नाहीत, आणि सगळ्यांच्या खोक्यावर "ओई क्वालिटी" (म्हणजे गाडीत फॅक्टरीतून येतो त्या दर्जाचा माल) लिहिलेलं. यातलं भरवशाचं कसं ओळखायचं? आणि बेल्ट चांगला दिसतोय तर अजून थोडे दिवस थांबलं तर चालेल का?

जुना_गिअर:

भावा, थांबू नकोस, बदलून टाक. "बहुतेक केलाय" म्हणजे केलेला नाही असंच धरायचं. बेल्टला किलोमीटर आणि वर्षं अशा दोन्ही मर्यादा असतात, जी आधी येईल ती, आणि तुझ्याकडे नऊ वर्षांत बदलल्याचा कागदच नाही म्हटल्यावर किलोमीटर कमी आहेत याला काही अर्थ उरत नाही. नक्की मर्यादा तुझ्या इंजिनाच्या सर्व्हिस बुकात बघ, इंजिनागणिक खूप फरक असतो, कुठे ६०,००० किमी तर कुठे दीड लाखाच्याही पुढे.

दिसण्यावर तर अजिबात जाऊ नकोस. बेल्ट वाकवून भेगा बघायच्या हा सल्ला जुन्या रबराच्या काळातला आहे. १९६० च्या दशकात गाड्यांत दातेरी बेल्ट यायला लागले, जर्मनीची ग्लास १००४ ही त्यातली अगदी पहिली गाडी, आणि नंतर बरीच वर्षं हे बेल्ट निओप्रीनचे असायचे. ते रबर कडक व्हायचं, पाठीवर भेगा पडायच्या, म्हणजे जायच्या आधी डोळ्यांना दिसायचं तरी. १९८० च्या दशकात एचएनबीआर रबर आलं, ते उष्णता आणि ऑइल दोन्ही जास्त सोसतं, बेल्टचं आयुष्य वाढलं, पण बाहेरून काही कळेनासं झालं. खरा जोर आतल्या ग्लास फायबरच्या दोऱ्यांवर असतो आणि दातांवर जे नायलॉनचं कापड चढवलेलं असतं त्यावर. दोरे आतून तुटत आलेत किंवा दाताच्या मुळाशी चीर गेलीय हे वरच्या कव्हरच्या फटीतून कुणालाच दिसत नाही.

आणि तुझं इंजिन इंटरफिअरन्स आहे, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व एकाच जागेत येतात, फक्त वेळ वेगळी असते. पिस्टन ज्याला जोडलेले असतात त्या क्रँकच्या दोन फेऱ्यांत व्हॉल्व उघडणाऱ्या कॅमची एक फेरी, हा ताळमेळ बेल्ट सांभाळतो. चालत्या गाडीत बेल्ट गेला की कॅम जागच्या जागी थांबतो, क्रँक मात्र गाडीच्या वेगाने फिरत राहतो, वर येणारा पिस्टन उघड्या व्हॉल्ववर आपटतो. मग हेड उतरवणं आलं, व्हॉल्व वाकलेले, नशीब वाईट असेल तर पिस्टनपण गेलेला. तेव्हा बदलायचा की नाही यावर डोकं लावू नकोस, काय टाकायचं ते बघू.

पाना_पकड:

गॅरेजलाच काम करतो, त्यामुळे रोज हेच बघतो. थोडं लांबलचक लिहितोय, वाचा.

आधी एक गैरसमज काढा की किट म्हणजे खोक्यावर ज्या कंपनीचं नाव तिनेच आतलं सगळं बनवलेलं. तसं क्वचितच असतं. गेट्स, कॉन्टिनेन्टल (कॉन्टिटेक त्यांचंच), डेको या मुळात बेल्ट बनवणाऱ्या कंपन्या. आयएनए म्हणजे शेफलर, शिवाय एसकेएफ आणि एनटीएन-एसएनआर, या मुळात बेअरिंगवाल्या. बेल्टवाली कंपनी किट काढते तेव्हा रोलर आणि पंप बऱ्याचदा बाहेरून घेते, बेअरिंगवाली काढते तेव्हा बेल्ट बाहेरून घेते. यात वाईट काही नाही, फक्त बाहेरून म्हणजे कुणाकडून ते बघायचं. जपानी गाड्यांसाठी आयसिनचं किट उघडलं तर पंप आयसिनचा, बेल्ट मित्सुबोशी किंवा बँडोचा, बेअरिंग एनटीएन किंवा कोयोचं असं निघतं, आणि ते किट लोक डोळे मिटून घेतात ते यामुळेच, कारण आतल्या प्रत्येक तुकड्यावर बनवणाऱ्याचं नाव असतं.

म्हणून माझी पद्धत अशी की गिऱ्हाइकाने किट आणलं की आधी खोकं टेबलावर रिकामं करायचं. बेल्ट बाजूला ठेवायचा, बेल्ट सहसा ठीकच असतो. टेन्शनर हातात घ्यायचा. बेअरिंगच्या कडेला, सीलवर किंवा बाहेरच्या रिंगवर नाव आणि नंबर कोरलेला आहे का? रोलरच्या पृष्ठभागावर खरवड, कास्टिंगची शिवण, प्लास्टिकची पिसं आहेत का? टेन्शनरचा काटा आणि त्याच्या मागची खाच स्वच्छ दिसते का? बोल्ट, नट, गॅस्केट दिलंय का? ज्या खोक्यात बेल्टवर मोठ्या कंपनीचं नाव आणि रोलर मात्र बिननावाचा, ते किट मी परत पाठवतो. तुम्ही म्हणता ती अनोळखी नावं बहुतेक या प्रकारातली असतात, चांगला बेल्ट दाखवायचा आणि कसर रोलर-पंपात काढायची. हे मी कळकळीने सांगतोय कारण बेल्ट स्वतःहून तुटून आलेल्या गाड्यांपेक्षा टेन्शनर, आयडलर (बेल्टला नुसतं वळण देणारा रोलर) किंवा पंप जाम होऊन बेल्टला घेऊन गेलेल्या गाड्या आमच्याकडे जास्त येतात.

ऑटो टेन्शनर हा दिसतो तेवढा साधा नसतो. आत स्प्रिंग, एक्सेंट्रिक आणि घर्षणाचं बुश असतं. इंजिन तापलं की ब्लॉक आणि हेड फुगतात, बेल्ट ताणला जातो, थंड झालं की सैल पडतो, शिवाय प्रत्येक सिलिंडर फायर होताना झटका येतो तो वेगळा. हे सगळं त्या बुशने गिळायचं असतं. हलक्या मालात बुश लवकर झिजतं, मग काटा थरथरायला लागतो, बेल्ट फडफडतो आणि एखाद दिवशी एक दात उडी मारतो.

वॉटर पंपाचं म्हणाल तर के९केमध्ये तो टायमिंग बेल्टवरच चालतो, तेव्हा टाकाच. पंपाचं बेअरिंग जाम झालं तर बेल्ट जातो, सील गळालं तर कूलंट बेल्टवर येतं. आणि पुढे पंप बदलायचा म्हणजे हेच सगळं परत उघडायचं. पंपाला गळतीचं एक बारीक भोक असतं, जुन्या पंपाच्या त्या भोकाखाली वाळलेल्या कूलंटचा ओघळ दिसला तर समजायचं की त्याचं सील सुटत आलं होतं.

साधा_हिशोब:

मी थोडं वेगळं मत मांडतो. माझ्या गाडीत मी नुसता बेल्टच टाकत आलोय, टेन्शनर फिरवून बघायचा, गुळगुळीत फिरला तर तोच. माझं म्हणणं असं की जो टेन्शनर फॅक्टरीतून आलाय तो कंपनीचा ओरिजिनल पार्ट आहे, एवढी वर्षं नीट चाललाय, तो काढून बाजारातला कुणाचा तरी नवीन टाकायचा म्हणजे ओळखीचं सोडून अनोळखी घेणं झालं. वर पाना_पकड स्वतःच सांगताहेत की किटमधले रोलरच खराब निघतात. मग चांगला टेन्शनर कशाला काढायचा?

पाना_पकड:

साधा_हिशोब साहेब, तुमचा मुद्दा अर्धा बरोबर आहे आणि तो अर्धा मी मान्यच करतो. बिननावाच्या किटमधला नवा रोलर टाकण्यापेक्षा जुना ओरिजिनल बरा असं वाटणं साहजिक आहे. पण त्यावर उपाय म्हणजे नवा चांगला टेन्शनर घेणं, जुना ठेवणं हा त्यावरचा उपाय होत नाही.

हिशोबच करू. एक लाख किमी सरासरी ५० च्या वेगाने म्हणजे २,००० तास. इंजिन सरासरी २,००० आरपीएम धरलं तर क्रँकच्या २४ कोटी फेऱ्या. रोलरचा घेर आणि क्रँकच्या छोट्या पुलीचा घेर साधारण सारखाच असतो, म्हणजे रोलरनेही तेवढ्याच मारल्या. हे बेअरिंग सील केलेलं असतं, आतलं ग्रीस फॅक्टरीत एकदाच भरतात, नंतर घालता येत नाही, आणि ते इंजिनच्या उष्णतेत वर्षानुवर्षं शिजत असतं. आता तुम्ही तो टेन्शनर काढून हाताने फिरवता तेव्हा काय तपासता? बोटाच्या जोरावर, थंड, बेल्टचा ताण नसताना. त्यात आवाज आला तर तो गेलेला आहे हे नक्की, पण आवाज नाही आला म्हणून पुढचे एक लाख काढेल असं होत नाही. उलट नवीन टेन्शनर हाताने फिरवला की ग्रीसमुळे थोडा जड फिरतो आणि लगेच थांबतो, जो भिंगरीसारखा मोकळा फिरत राहतो त्याचं ग्रीस संपत आलेलं असतं. बरेच जण नेमकं उलटं समजतात, मोकळा फिरला की खूश होतात.

साधा_हिशोब:

हे मोकळ्या फिरण्याचं मला माहीत नव्हतं, पटलं. पुढच्या वेळी टेन्शनर शोरूममधूनच ओरिजिनल घेईन आणि बेल्ट बाहेरचा, असं चालेल ना?

पाना_पकड:

चालेल की. फक्त दोन्ही एकाच इंजिन नंबरवरून काढा.

चाकोरी:

इंजिन नंबरचा विषय निघालाच आहे तर त्यावर लिहिते, कारण पार्ट्सच्या काउंटरवर काम करताना सगळ्यात जास्त परत येणारा माल याच कारणाने येतो. गाडीचं मॉडेल आणि वर्ष सांगून टायमिंग किट मागवू नका. के९के हे एक नाव झालं, पण त्याच्यापुढे तीन आकडी नंबर असतो आणि तेच इंजिन रेनॉ, डाचिया, निसान, इतकंच काय मर्सिडीजच्या छोट्या गाड्यांतही वेगवेगळ्या रूपात बसवलेलं आहे. इंजेक्शन पंप बदलला, पुली बदलली, टेन्शनर सुधारला, तर किट बदलतं. मधल्या काळात बदल झालेला असतो, म्हणजे एकाच वर्षाच्या दोन गाड्यांना दोन वेगळी किटं लागू शकतात. चॅसिस नंबर आणि इंजिनवरच्या पट्टीचा पूर्ण नंबर द्या, त्यावरून कंपनीचा ओरिजिनल पार्ट नंबर काढा, आणि मग त्या नंबरवरून आयएनए, गेट्स, कॉन्टिटेक जे काय घ्यायचं त्यांच्या कॅटलॉगमध्ये क्रॉस करून बघा. किट बनवणाऱ्याच्या स्वतःच्या कॅटलॉगमध्ये. वेबसाइटवरचं "तुमच्या गाडीला फिट" हे विकणाऱ्याने भरलेलं असतं.

माल हातात आल्यावर बसवायच्या आधी जुना आणि नवा बेल्ट शेजारी ठेवून तीन गोष्टी बघाच. दात मोजा, कंटाळा आला तरी मोजा, खडूने खूण करून. रुंदी मोजा. आणि दाताचा आकार बघा, कारण काही बेल्टांचे दात चौकोनी उताराचे असतात, काहींचे गोल, आणि गोल दाताच्या पुलीवर दुसरा बेल्ट बसल्यासारखा वाटतो पण लवकर झिजतो. दोन दातांमधलं अंतर बऱ्याच बेल्टांत ८ मिमी किंवा ९.५२५ मिमी असतं, हा फरक नुसत्या डोळ्यांना एका दातावर कळत नाही, वीस दात एकमेकांत बसवले की लगेच कळतो.

मी स्वतः काय घेईन विचाराल तर आयएनए किंवा एनटीएन-एसएनआर यांचं पंपासकटचं किट. कारण एवढंच की माझ्या मते जोखमीचा भाग बेअरिंग आहे, तर बेअरिंगवाल्याकडून घ्यावं. गेट्स, कॉन्टिटेक, डेको, एसकेएफ घेतलं तरी मी कुणाला नाही म्हणणार नाही.

निवांत_ड्रायव्हर:

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कुणी सांगितलं नव्हतं. इंजिनवरची पट्टी पुसून नंबर लिहून घेतला, खरंच पुढे तीन आकडे आहेत.

चाकोरी ताई, दोन शंका. एक म्हणजे ऑनलाइन घ्यायचं तर डुप्लिकेट कसं ओळखायचं, मोठ्या कंपन्यांचेच डुप्लिकेट निघतात म्हणे. आणि दुसरं, एका फोटोत डेकोच्या बेल्टची आतली बाजू पांढरट दिसत होती, बाकी सगळे काळे, तो डुप्लिकेट आहे का?

चाकोरी:

पांढरट आतली बाजू म्हणजे डेकोचा एचटी बेल्ट असेल, दातांवर टेफलॉनचा थर असतो त्याचा तो रंग. ती त्यांची खरीच गोष्ट आहे. पण पांढरं दिसलं म्हणजे खरा, असंही उलटं धरू नका, रंग कुणीही लावू शकतं.

डुप्लिकेटबद्दल, आयएनएच्या खोक्यावर शेफलरचा वनकोड असतो, तो स्कॅन केला की त्यांच्याकडून खरं-खोटं कळतं, आणि काही वेळा त्या किटची बसवण्याची माहितीही तिथेच मिळते. बाकी कंपन्यांनीही असे कोड किंवा होलोग्राम दिलेले असतात. स्कॅन करताना कोड कंपनीच्याच साइटवर नेतोय ना ते बघा, नुसता हिरवा टिक दिसला म्हणून समाधान मानू नका. खोक्यावरचा नंबर, बेल्टच्या पाठीवरचा नंबर आणि कॅटलॉगमधला नंबर जुळायला हवा. बेल्टवरचा छापा बोटाने घासून निघत असेल, अक्षरं वाकडी असतील, स्पेलिंग चुकलेलं असेल तर पुढचं काही बघायचीच गरज नाही. आणि भाव इतरांच्या निम्मा असेल तर का आहे हा प्रश्न विचारा.

अजून एक, याकडे कुणी बघत नाही. बेल्ट खोक्यात कसा ठेवलाय ते बघा. तो मोठ्या वळणाने गुंडाळलेला असायला हवा. घडी पडलेली असेल, रबर बँडने आवळलेला असेल तर घेऊ नका, कारण आतले दोरे काचेचे आहेत, कडक घडी पडली की तिथे तुटतात आणि बाहेर रबराला काहीही झालेलं नसतं. तुमच्या मेकॅनिकलाही सांगा की बेल्ट उलटा करून, पिळून, खिशात दुमडून ठेवायचा नाही. किती वर्षं गोदामात पडला होता तेही महत्त्वाचं, पाठीवर तारखेचा कोड असतो, कंपनीला तो विचारला तर सांगतात.

ओला_रस्ता:

मध्येच विचारतोय, माफ करा. माझ्या गाडीत १.० लिटरचं टर्बो पेट्रोल आहे आणि बेल्ट म्हणे ऑइलमध्ये बुडालेला असतो. पण मी ऐकलंय की ऑइल लागलं की बेल्टचं रबर खराब होतं. मग हे काय?

जुना_गिअर:

तो वेट बेल्ट, त्याचं रबरच ऑइलमध्ये राहण्यासाठी बनवलेलं असतं. फोर्डचं १.० इकोबूस्ट, पूजो-सिट्रोएनचं १.२ प्युअरटेक यांत असा बेल्ट आला. कोरड्या बेल्टचे वर लिहिलेले नियम त्याला तसेच लावू नकोस. तुझ्यासाठी किटच्या कंपनीइतकंच ऑइल महत्त्वाचं आहे, मॅन्युअलमध्ये जे स्पेसिफिकेशन लिहिलंय तंतोतंत तेच, आणि वेळेवर बदल. चुकीचं ऑइल किंवा ऑइलमध्ये मिसळलेलं पेट्रोल यामुळे हा बेल्ट फुगतो, त्याचे कण सुटतात आणि ते ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतात, म्हणजे बेल्ट तुटायच्या आधीच ऑइल प्रेशरचा दिवा लागू शकतो. तो दिवा लागला तर गाडी तिथेच बंद कर. बाकीचं वेगळा धागा काढून विचार, इथे निवांतच्या गाडीचं राहून जाईल.

पाना_पकड:

निवांत, किट कुठलं ते आता जवळजवळ ठरलंच, पण बसवण्याचं राहिलं. सगळ्यात चांगलं किटसुद्धा चुकीचं बसवलं की बिननावाच्या किटसारखंच वागतं, त्यामुळे मेकॅनिकला आधीच हे विचारून घ्या, रागावला तर दुसरा बघा.

लॉकिंग पिना आहेत का? के९केमध्ये कॅमच्या पुलीतून एक पिन जाते आणि क्रँकसाठी ब्लॉकमध्ये स्क्रू होणारी दुसरी. व्हाइटनरच्या खुणांवर काम करणारे बरेच आहेत, आणि खूण करून बदललेल्या गाड्या चालतातही, पण आधीचाच बेल्ट एक दात चुकलेला असेल तर तुम्ही ती चूक नव्या बेल्टवर उतरवून घेता. शिवाय पिन फक्त जागा धरायला असते. पिनच्या जोरावर क्रँकचा बोल्ट सोडायचा किंवा आवळायचा नाही, पिन वाकते, कधी ब्लॉकला इजा होते. त्यासाठी वेगळं होल्डर लागतं.

टॉर्क रेंच आहे का, आणि अंश मोजायचं गेज? काही बोल्ट ठरावीक टॉर्कनंतर अमुक अंश फिरवून आवळायचे असतात, ते ताणले जातात, एकदाच वापरायचे. क्रँक पुलीचा बोल्ट त्यातला सगळ्यात महत्त्वाचा. बऱ्याच इंजिनांत क्रँकच्या दातेरी पुलीला चावी (पुली सरकू नये म्हणून खाचेत बसणारी धातूची खिट्टी) नसते किंवा नुसती नावाला असते, सगळी पकड त्या एका बोल्टच्या दाबावर. तिथे ऑइलचं बोट लागलं, जुना बोल्ट परत टाकला, तर पुली सरकते आणि टायमिंग जातं. तो बोल्ट किटमध्ये नसेल तर वेगळा मागवा.

टेन्शन थंड इंजिनवरच लावायचं. काटा खाचेसमोर आणायचा, आवळायचं, पिना काढायच्या, मग पान्याने हाताने क्रँक दोन पूर्ण फेऱ्या चालीच्या दिशेने फिरवायचा, परत पिना घालून बघायच्या आणि काटा जागेवर आहे का ते बघायचं. फिरवताना कुठे अडलं तर जोर लावायचा नाही. सेल मारून बघू असं कुणी म्हणालं तर हात धरा त्याचा.

कॅम आणि क्रँकचं ऑइल सील ओलं दिसलं तर आत्ताच टाका, गळकं सील ठेवून त्याच्यासमोर नवा बेल्ट बसवण्यात काही अर्थ नाही. आणि बाहेरचा रिबवाला बेल्ट, अल्टरनेटर-एसीचा. तो जुना असेल तर याच वेळी बदला, त्याच्या रोलरसकट. तो फाटला की त्याचे लांब दोरे सुटतात, क्रँक पुलीच्या मागून टायमिंगच्या कव्हरमध्ये ओढले जातात आणि आतला नवाकोरा बेल्ट दातावरून उडवतात. या इंजिनात तर हे होताना दिसतं. म्हणून खालचं प्लास्टिकचं कव्हर तुटलेलं असेल तर ते पण नवीन घ्या, त्याशिवाय गाडी देऊ नका म्हणावं.

निवांत_ड्रायव्हर:

ठरलं. आयएनएचं पंपासकट किट इंजिन नंबरवरून क्रॉस करून घेतलं, वनकोड स्कॅन केला, बरोबर आलाय. टेन्शनरच्या बेअरिंगवर नाव आणि नंबर दोन्ही आहेत, बेल्टला घडी नाही. क्रँकचा बोल्ट वेगळा मागवलाय, रिबवाला बेल्ट आणि त्याचा टेन्शनर पण. ज्याच्याकडे पिना आहेत असा मेकॅनिक मिळाला, त्याने विचारायच्या आधीच पिना काढून दाखवल्या.

एकच शंका राहिली. पंपाबरोबर पातळ कागदाचं गॅस्केट आलंय, तो म्हणतो त्यावर सिलिकॉन पण लावतो म्हणजे गळायची चिंता नको. लावू द्यावं का?

चाकोरी:

गॅस्केट दिलंय तर सिलिकॉन नको. दोन्ही एकत्र लावलं की गॅस्केट दाबताना सरकतं, आणि बाहेर आलेली सिलिकॉनची गुठळी आत सुटून रेडिएटर-हीटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसते. जिथे कंपनी फक्त सिलिकॉन सांगते तिथेच तेवढं, बारीक धारेने, आणि ते सुकायला सांगितलेला वेळ देऊन मगच कूलंट भरायचं. किटमधल्या कागदावर यातलं काय करायचं ते चित्रासकट असतं, ते त्याला दाखवा. ब्लॉकचा भाग जुनं गॅस्केट खरवडून पूर्ण साफ करायला सांगा, गळती बहुतेक वेळा तिथूनच सुरू होते.

पाना_पकड:

ताईंचं बरोबर. आणि कूलंट गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या प्रकाराचंच नवीन भरा, जुनं गाळून परत ओतू नका. भरल्यावर हवा काढायचा स्क्रू उघडून सलग धार येईपर्यंत हवा काढायची, मग हीटर फुल ठेवून फॅन लागेपर्यंत गाडी चालू ठेवायची. दुसऱ्या दिवशी इंजिन पूर्ण गार असताना पातळी बघा, थोडी उतरलेली असेल, भरा. त्यानंतर आठवडाभर रोज सकाळी बघत राहा, उतरत राहिली तर लगेच त्याच मेकॅनिककडे न्या, कव्हर काढून पंपाखाली ओलं आहे का बघायला सांगा. टेन्शनर-पंपाची बिलं आणि किटच्या खोक्यावरचं लेबल जपून ठेवा, आणि किती किमीला बदलला ते तारखेसकट स्टिकरवर लिहून बॉनेटच्या आत चिकटवा.